आज सात तारीख, पगाराची स्लिप घेऊन बसा

जुना मोल्डर | ७ डिसेंबर २०२५, संध्याकाळी ७:१०

आज सात तारीख. रविवार आल्यामुळं बहुतेकांचा पगार काल-परवाच खात्यावर पडला असेल. ज्यांचा पडला नाही त्यांनी खाली लिहा. महिन्याच्या पगाराला पुढच्या महिन्याच्या सात तारखेची हद्द आहे, आणि 'पार्टीचं (गिऱ्हाईक कंपनीचं) बिल अडकलंय' हे कारण त्या हद्दीत बसत नाही.

गेले दोन आठवडे फोनवर एकच विषय चाललाय. नोकरी सोडताना मिळणारी ग्रॅच्युइटी आता एका वर्षाच्या नोकरीवर मिळणार म्हणे, बारा तासांची पाळी होणार म्हणे, हातात येणारा पगार घटणार म्हणे. एकानं रात्री साडेदहाला फोन करून विचारलं, 'काका, युनियन बंद झाली काय?' म्हटलं, बंद झालेली नाही, तुझी वर्गणी मार्चपासून बाकी आहे.

मी वकील नाही. कोल्हापूरजवळच्या शिरोलीत फाउंड्रीत, म्हणजे धातू ओतायच्या कारखान्यात, एकतीस वर्षं मोल्डिंगला (साचे करायला) काढली, त्यातली चौदा युनियनचा खजिनदार म्हणून. माणसं प्रत्यक्षात जिथं अडकताना बघितली तेवढंच सांगतो.

२१ नोव्हेंबरपासून केंद्राच्या चार श्रमसंहिता लागू झाल्या. वेतन, औद्योगिक संबंध, सामाजिक सुरक्षा आणि कामाच्या जागेची सुरक्षा-आरोग्य, अशा चार. जुने २९ कायदे त्यांच्या पोटात गेले. पण पीएफचं ऑफिस आहे तिथंच आहे, ईएसआयचं (कामगार विम्याचं) कार्ड तेच आहे, आणि नव्याशी जिथं भांडण नाही तिथं जुने नियम चालू आहेत. तेव्हा 'नवीन कायद्याचा फॉर्म आलाय' म्हणून कुणी कोरा कागद पुढं केला तर सही करू नका. वाचायला घरी न्या.

आता स्लिप काढा. वरनं दोन ओळी बघा, बेसिक (मूळ पगार) आणि डीए (महागाई भत्ता). त्याखाली घरभाडं, कन्व्हेयन्स (जाण्यायेण्याचा खर्च), धुलाई असली भत्त्यांची पोरंबाळं असतात. नव्या व्याख्येप्रमाणं ही पोरंबाळं एकूण पगाराच्या निम्म्यापेक्षा जास्त होत असतील, तर निम्म्यावरचा भाग 'वेतन' म्हणूनच धरायचा. आमच्यातल्या एका जुन्या ऑपरेटरची स्लिप घेतो. एकूण ४०,०००. बेसिक-डीए १६,०००, घरभाडं १०,०००, कन्व्हेयन्स ८,०००, धुलाई आणि कामाच्या खर्चापोटी ६,०००. भत्ते झाले २४,०००. निम्मे म्हणजे २०,०००. वरचे ४,००० वेतनात चढतात आणि त्याचं वेतन होतं २०,०००. वीस वर्षांच्या नोकरीची ग्रॅच्युइटी १६,००० वर १,८४,६१५ होत होती, २०,००० वर २,३०,७६९ होते. सेहेचाळीस हजारांचा फरक, आणि तो नुसत्या स्लिपच्या रचनेतला. हिशेब सोपा आहे : वेतन गुणिले १५, भागिले २६, गुणिले वर्षं. शेवटच्या वर्षात सहा महिन्यांवर काम झालं असेल तर ते वर्ष पूर्ण धरतात.

हातातला पगार घटेल ही भीती पीएफमुळं आहे. तुमचा पीएफ १५,००० च्या मर्यादेवर म्हणजे महिना १,८०० कापला जात असेल, तर या व्याख्येनं कपात वाढत नाही. कंपनी पूर्ण बेसिकवर कापत असेल तरच आकडा हलेल, आणि तेवढंच मालकालाही भरावं लागेल.

बारा तासांचं म्हणाल तर सप्टेंबरात राज्य मंत्रिमंडळानं कारखान्यात दिवसाचे ९ तास १२ पर्यंत न्यायला मंजुरी दिली, पण आठवड्याची ४८ तासांची मर्यादा उठवली नाही. ओव्हरटाइमची हद्द तिमाहीला ११५ वरनं १४४ तास, तीही कामगाराच्या लेखी संमतीनं. 'लेखी संमती' हे दोन शब्द मुकादमाला आठवत नाहीत. तुम्ही लक्षात ठेवा.

ओव्हरटाइम दुप्पट दरानं. महिन्याचं वेतन २६,००० असेल तर दिवसाचे १,०००, तासाचे १२५, ओव्हरटाइमचे २५०. व्हाउचरवर १२५ देऊन वर 'रोख दिले की' म्हणणारे निम्मे पैसे खिशात ठेवतात.

आता ज्यासाठी खरं लिहायला बसलो ते.

सत्त्याण्णव साली माझ्या शेजारच्या लाइनला एक पोरगा होता. पोअरिंगच्या, म्हणजे वितळलेला धातू ओतायच्या वेळी साचा ओला राहिला होता, धातू उसळला आणि त्याच्या उजव्या हातावर आला. सुपरवायझरनं त्याला स्वतःच्या गाडीवरनं खासगी दवाखान्यात नेलं, बिल कंपनीनं भरलं, पंधरा दिवस भरपगारी घरी बसवलं. आम्ही म्हटलं, भला माणूस. अपघात वहीत नोंद नाही, ईएसआयला रिपोर्ट नाही. कुणी मागितलीच नाही. तीन वर्षांनी त्याची दोन बोटं वाकायची बंद झाली. लॅडल (धातू ओतायची पळी) धरता येईना, तर त्याला झाडलोटीला टाकला, आणि तिथनं घरी. ईएसआयच्या मेडिकल बोर्डापुढं कायमच्या अपंगत्वाचं प्रकरण ठेवायचं तर पहिला प्रश्न, अपघात कुठं झाला? कागदाच्या हिशेबी तो कारखान्यात झालेलाच नव्हता. तो सुपरवायझर तोवर नोकरी सोडून गेलेला. मी खजिनदार, मला तेव्हा एवढंसुद्धा माहीत नव्हतं की वहीत एक ओळ पाहिजे. बोर्डानं टक्के ठरवले असते तर त्याला महिन्याला पैसे आयुष्यभर आले असते. ते अजून डोक्यातनं जात नाही.

म्हणून सांगतो. लागलं, भाजलं, चिरलं, तर आधी उपचार, पण त्याच दिवशी अपघात वहीत नोंद. तारीख, वेळ, जागा, काय करताना, बघणारे दोघं. नोंदीचा मोबाइलवर फोटो. कंपनीनं ईएसआयला रिपोर्ट पाठवला का ते विचारायचं, तोही लेखी. कामावर झालेल्या इजेला ईएसआयच्या वर्गणीचे दिवस मोजत नाहीत. काल जॉइन झालेल्यालासुद्धा हक्क आहे. काम बंद असलेल्या काळात ईएसआय वेतनाच्या ९० टक्के देते. साध्या आजारपणात ७० टक्के, वर्षाला ९१ दिवस, पण तिथं वर्गणीचे ७८ दिवस भरलेले लागतात. म्हणून 'आजारी होतास असं लिहू' म्हणणाऱ्यापासून लांब राहा. तो तुमचे वीस टक्के तर घालवतोच, उद्याचं बोटही घालवतो.

ओतलेला माल घासून साफ करणाऱ्या फेटलिंग आणि शॉट ब्लास्टिंगवाल्यांना वेगळं सांगायचंय, पण बोटं दुखायला लागली. उद्या.


राजारामपुरीकर | ७ डिसेंबर, ७:५२

वाचतोय. ग्रॅच्युइटीचा हिशेब वडिलांच्या स्लिपवर करून बघितला, ते म्हणाले हे तुला कुणी शिकवलं.


कंत्राटी भाऊ | ७ डिसेंबर, ८:३०

काका, लई भारी लिवलंय. पण आमचं काय? मी गोकुळ शिरगावात सहा वर्षं हाय, कोअर शॉपला. कंपनी तीच, मशीन तेच, ठेकेदार तेवढा तिसरा. आता म्हणालेत की एका वर्षात ग्रॅच्युइटी. मग मला सहा वर्षाची गावंल काय? आनि पीएफ कापालेत, पन दर ठेकेदारानं नवा नंबर काढलाय. (इथे एका कंपनीचं नाव होतं)


संपादक | ७ डिसेंबर, ८:४१

वरच्या प्रतिसादातलं कंपनीचं नाव आणि मोबाइल नंबर काढला आहे. नावं न घेता लिहा, मदत तेवढीच मिळेल.


जुना मोल्डर | ७ डिसेंबर, ९:१५

भावा, एका वर्षाची गोष्ट अर्धी ऐकलीस. ती मुदतीच्या नेमणुकीवर असलेल्यांसाठी आहे, म्हणजे ज्याच्या नेमणूकपत्रावर 'अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंत' असा करार आहे. कायमच्या माणसाला पाच वर्षंच. अप्रेंटिसला यातलं काहीच नाही, त्याला मिळतं ते विद्यावेतन. ठेकेदाराकडचा माणूस आपोआप मुदतीचा होत नाही. तुझ्या हातात कागद कुठला आहे त्यावर सगळं आहे. आणि नव्या संहितेत नेमणूकपत्र प्रत्येकाला द्यायचं आहे, तेव्हा आधी ते माग. तिन्ही ठेकेदारांची हजेरी कार्डं, गेटपास, जुन्या स्लिपा, जे असेल ते एका पिशवीत घाल. सहा वर्षं एकाच मशीनवर होतास हे त्या पिशवीतनंच दिसणार.

ठेकेदारानं पगार बुडवला तर मूळ कंपनीची जबाबदारी आहे, पीएफचंही तेच. कंपनी हात झटकते ती तुम्हाला हे माहीत नाही म्हणून.

आता पीएफ. एका माणसाला एकच यूएएन (पीएफचा कायमचा नंबर) असतो. तुझे तीन झालेत तर तिन्हीतले पैसे एका नंबरात ट्रान्स्फर करून घे. आणि ठेकेदार बदलला की फॉर्म भरून सगळं काढून खायची जी पद्धत पडलीय ती सोड. पेन्शनला दहा वर्षांची सेवा लागते. पेन्शनचा भाग काढलास की मागची वर्षं पुसली, पुन्हा एकपासून सुरू. मोटरसायकलच्या हप्त्यापायी मी चाळिशीतल्या माणसांची आठ-आठ वर्षं पुसलेली बघितलीत.

पासबुक दर महिन्याला बघ. मागच्या महिन्याचे पैसे मालकानं पंधरा तारखेपर्यंत भरायचे असतात. वीसला बघितलंस आणि जमा नसतील, तर पहिल्या महिन्यातच ओरड.


एचआर मधला | ८ डिसेंबर, सकाळी १०:०५

मी कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत एचआरमध्ये आहे. धागा चांगला आहे, माहितीही बरोबर आहे, पण मालक म्हणजे चोर हा सूर पटत नाही. रोख ओव्हरटाइम कामगारच मागतात. 'साहेब, स्लिपवर नको, कापून जातंय' हे मी रोज ऐकतो. चाळिशीवरच्यांची मोफत वार्षिक तपासणी नव्या संहितेनं बंधनकारक झाली, आमच्याकडं ती आधीपासून आहे. निम्मी माणसं त्या दिवशी खाडा करतात, कारण रक्त काढतात.


जुना मोल्डर | ८ डिसेंबर, दुपारी १:२०

साहेब, रक्ताच्या बाबतीत शरणागती. मीही दोनदा पळालोय.

रोखीचं मात्र पूर्ण खरं नाही. ओव्हरटाइमवर पीएफ कापतच नाहीत. ईएसआय कापतात, पाऊण टक्का. हजार रुपयांच्या ओव्हरटाइमला साडेसात रुपये. साडेसात रुपये वाचवायला माणूस पाचशे सोडतो, असं कसं होईल? त्याला कुणीतरी 'खूप कापून जातं' असं सांगितलेलं असतं. कुणी सांगितलं, ते तुम्ही शोधा. २१,००० ची ईएसआयची मर्यादा ओलांडली जाईल अशीही एक भीती घालतात. ओव्हरटाइम त्या मर्यादेत धरत नाहीत. वर्गणीच्या सहामाहीत मधेच पगार २१,००० च्या वर गेला तरी सहामाही संपेपर्यंत कार्ड चालू राहतं.

आणि तुम्ही एचआरमध्ये आहात म्हणून विचारतो. गेटवर 'अपघातविरहित दिवस : ४१२' असा बोर्ड असतो ना, तो शून्यावर आला की कुणाला बोलणी बसतात?


एचआर मधला | ८ डिसेंबर, १:५८

सुपरवायझरला. नंतर मला. पार्टीचं ऑडिट जवळ असेल तर प्लांट हेडला.

तुमचा मुद्दा कळला. लपवा असं कुणी सांगत नाही, पण सगळ्यांना ते ठाऊक असतं. हे मी इथं नाव न सांगता लिहू शकतो म्हणूनच लिहितोय.


उचगावची सून | ८ डिसेंबर, रात्री १०:३३

इथं बायकांनी लिहिलेलं चालतं का माहीत नाही. माझे मिस्टर शिरोलीत मेल्टिंगला आहेत. २६ नोव्हेंबरला रात्रपाळी करून सकाळी मोटरसायकलवरनं घरी येताना सांगली फाट्याच्या अलीकडं ट्रकनं कट मारला. पायाला प्लेट घातली आहे, डॉक्टर तीन महिने म्हणतात. ईएसआय आहे, पगार १९,००० च्या आसपास. कंपनीनं सांगितलं की गेटच्या बाहेर झालं, त्यामुळं आमचा संबंध नाही, आजारपणाची रजा टाका. ते खरं आहे का? घरात दोन लहान मुलं आणि सासूबाई आहेत. यांना फोन धरून बसता येत नाही म्हणून मी लिहिते.


जुना मोल्डर | ८ डिसेंबर, १०:५०

वहिनी, चालतं म्हणजे काय, अवश्य लिहा.

ते खरं नाही. घरनं कामाला जाताना किंवा काम संपवून घरी येताना झालेला अपघात हा कामावरचाच अपघात धरतात, फक्त वेळ, जागा आणि रस्ता यांचा कामाशी मेळ बसला पाहिजे. ईएसआय कायद्यात हे कलम २०१० पासून होतं, नव्या सामाजिक सुरक्षा संहितेतही आहे. रात्रपाळी सुटली, नेहमीचा रस्ता, तासाभरात अपघात : मेळ बसला.

याच वर्षी २९ जुलैला सुप्रीम कोर्टानं आपल्या महाराष्ट्रातल्याच एका साखर कारखान्याच्या वॉचमनचं प्रकरण निकाली काढलं. पहाटे तीनच्या पाळीला जाताना २००३ साली तो वाटेतच अपघातात मरण पावला होता, कारखान्यापासून पाच किलोमीटरवर. बायकापोरांना भरपाई मिळाली पाहिजे असं कोर्टानं सांगितलं. बावीस वर्षं लागली, ते वेगळं. पण निकाल आता आहे, तुम्हाला शून्यापासून लढायचं नाही.

उद्या सकाळी एवढं करा. पोलीस पंचनाम्याची किंवा एफआयआरची प्रत घ्या. दवाखान्यात दाखल झाल्याची वेळ ज्यावर आहे तो कागद घ्या. त्या रात्रीच्या हजेरीचा पुरावा, पंचिंगचा फोटो नसेल तर बरोबरच्या पाळीतल्या दोघांची नावं. मग कंपनीला साधा अर्ज : 'कामावरून घरी येताना अमुक वेळी अमुक ठिकाणी अपघात झाला, अपघात वहीत नोंद करून ईएसआयला अपघात रिपोर्ट पाठवावा.' दोन प्रती करा, एकीवर पोहोच घ्या. सही-शिक्का देत नसतील तर रजिस्टर पोस्टानं पाठवा. त्याचीच एक प्रत ईएसआयच्या शाखा कार्यालयात द्या. आजारपणाच्या कागदावर मिस्टरांची सही होऊ देऊ नका, झाली असेल तर सांगा. १९,००० वर ७० टक्के म्हणजे १३,३००, आणि ९० टक्के म्हणजे १७,१००. महिन्याला जवळजवळ चार हजार, आणि पायात पुढं काही दोष राहिला तर मेडिकल बोर्डाचा दरवाजा उघडा राहतो.


उचगावची सून | ८ डिसेंबर, ११:०४

सही झालेली नाही. फॉर्म उशीखाली आहे.


छोटा उद्योजक | ९ डिसेंबर, सकाळी ८:४०

शिवाजी उद्यमनगरात माझं मशीन शॉप आहे, चौदा माणसं. मोठ्या फाउंड्रीचं जॉबवर्क करतो. पैसे नव्वद दिवसांनी, कधी एकशे वीस. मला सातला पगार करायला पतसंस्थेतनं उचल घ्यावी लागते, आणि इथं सगळे मालकाच्या नावानं बोटं मोडताहेत. ईएसआय मी दहाव्या माणसापासून भरतोय. पीएफ वीस माणसांपासून लागतो म्हणून तो भरत नाही. नेमणूकपत्र आता सगळ्यांना द्यायचं म्हणता, चौदा जणांना देतो, पण त्यात लिहायचं काय हे कुणी साध्या मराठीत सांगेल का? सल्लागार पाच हजार मागतोय.


जुना मोल्डर | ९ डिसेंबर, ९:३०

तुम्ही ईएसआय भरताय, पगारासाठी उचल घेताय, तुमच्याशी भांडण नाही. पाच हजार वाचवा. नाव, पत्ता, काम काय, हुद्दा, कुशल की अर्धकुशल, रुजू तारीख, वेतनाची फोड, कामाचे तास, साप्ताहिक सुट्टी, रजा, ईएसआय नंबर. दोघांच्या सह्या. एका पानात बसतं. किमान वेतनाखाली आकडा जाणार नाही एवढं बघा.

तुमच्यातलं कुणी सोडून गेलं किंवा काढलं तर हिशेब आता दोन कामाच्या दिवसांत द्यायचाय. पूर्वीसारखं 'दिवाळीनंतर ये' चालणार नाही. ही गोष्ट तुमच्यासारख्याला जड जाईल, ते मला मान्य आहे.


पुण्यातला रांगडा | ९ डिसेंबर, ११:१५

धागा वाचून घशात आवंढा आला. वडील शाहू मिलला होते. एक मेला आम्हाला बिंदू चौकात घेऊन जायचे, रेड फ्लॅग बिल्डिंगसमोर उभं करायचे आणि परत येताना मिसळ. मला मिसळच आठवते, भाषण एकही आठवत नाही. १९०६ साली शाहू महाराजांनी मिल काढली तेव्हा...


राजारामपुरीकर | ९ डिसेंबर, ११:२२

भावा, १९०६ पासून सुरू केलंस तर पगाराला पोचेपर्यंत पुढची सात तारीख येईल.


पंचगंगाकाठ | ९ डिसेंबर, सायंकाळी ६:०२

माझा प्रश्न डिसेंबरात विचित्र वाटेल, पण जुलैत विचारायला वेळ नसतो. मी आंबेवाडीचा. २०१९ ला आणि २०२१ ला आमचं गाव पाण्यात होतं, हायवे शिरोलीजवळ बंद होता. कंपनीनं दोन्ही वेळी ते दिवस खाडे धरले, पगार कापला. काही जणांचे रजेत टाकले. यात बरोबर काय?


जुना मोल्डर | ९ डिसेंबर, ७:४५

विचित्र अजिबात नाही. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांना पुराचा इशारा आणि ४३ ला धोका, हे आपल्याकडं शाळेतल्या पोरालाही पाठ असतं. पण ४३ फुटांना पगाराचं काय होतं ते कुणाला पाठ नाही.

यात दोन गोष्टी वेगळ्या आहेत. कारखाना चालू होता आणि तू पोचू शकला नाहीस, तर कायद्यानं पगार मागता येत नाही. तिथं रजा शिल्लक असेल तर रजा, नाहीतर युनियननं बसून तडजोड. आमच्या वेळी २०१९ ला आम्ही निम्मे दिवस रजा, निम्मे दिवस पुढच्या सुट्ट्यांत भरून द्यायचे असं ठरवलं होतं. फार गोड नव्हतं, पण कुणाची चूल थंड पडली नाही.

कारखानाच बंद ठेवला असेल, पाणी शिरलं, वीज गेली, माल येईना, तर तो ले-ऑफ. नैसर्गिक आपत्ती हे ले-ऑफचं कारण म्हणून कायद्यात लिहिलेलं आहे, आणि ले-ऑफला बेसिक-डीएच्या ५० टक्के भरपाई आहे. अटी अशा : कारखान्यात ५० किंवा जास्त कामगार पाहिजेत, कारखाना हंगामी नसावा, तुझं नाव हजेरीपटावर असून वर्षाची सलग नोकरी झालेली पाहिजे, आणि तू बदली (दुसऱ्याच्या जागी घेतलेला) किंवा कॅज्युअल नसावास. आणखी एक मेख आहे. ठरलेल्या वेळी हजेरी लावायला आला नाही त्याची भरपाई जाते. आता आंबेवाडीतनं नावेतनं शिरोलीला हजेरीला कोण येणार? म्हणून कंपनीकडनं आधीच लेखी नोटीस मागायची, 'अमुक ते अमुक तारीख कारखाना बंद, हजेरीची गरज नाही.' बोर्डावर लावली असेल तर फोटो.

हा करार मे महिन्यात करून ठेवा. पाणी आल्यावर वाटाघाटी म्हणजे वरातीमागून घोडं.


राजारामपुरीकर | ९ डिसेंबर, ८:१०

काका, एक विचारायचं राहिलं. पूर्वी औद्योगिक न्यायालयात आपण जिंकलो की मालक मुंबईला हायकोर्टात जायचा आणि आमचे वडील महालक्ष्मी एक्स्प्रेसनं तारखा करायचे. आता ते कोल्हापूरच्या हायकोर्टाच्या सर्किट बेंचला येतं का?


जुना मोल्डर | ९ डिसेंबर, ८:३१

येतं. १८ ऑगस्टपासून सर्किट बेंचचं कामकाज सुरू झालं, सीपीआर हॉस्पिटलसमोरच्या जुन्या कोर्टाच्या इमारतीत. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग असे सहा जिल्हे. तुझ्या वडिलांना सांग, आता तारीख करून दुपारच्या जेवणाला घरी येता येईल. तारखा कमी पडतील असं मात्र कुणी म्हटलेलं नाही.

कामावरनं काढलेल्यांनी एक ध्यानात ठेवा. न्यायाधिकरणाकडं थेट जायची मुदत तीन वर्षं होती, ती नव्या संहितेत दोन झाली. 'बघू, साहेब घेतो म्हणालेत' यात ही दोन वर्षं सहज जातात.

आणि फेटलिंगवाल्यांचं राहिलं होतं. वाळूची बारीक धूळ छातीत बसते, तिला सिलिकोसिस म्हणतात, आणि बसलेली निघत नाही. आपल्याकडं पाळी सुटताना गुळाचा खडा देतात. मीही एकतीस वर्षं खाल्ला, आपला गूळ आहे, खाणारच. पण गुळानं छातीतली वाळू जात नाही, रुमाल बांधूनही अडत नाही. मास्क धुळीसाठीचा पाहिजे, धूळ ओढणारा पंखा चालू पाहिजे, आणि वर्षाला छातीचा एक्स-रे. कायद्यानं फाउंड्री हा धोकादायक प्रक्रियेत मोडणारा धंदा आहे, आणि आपल्या तपासणीचे रिपोर्ट बघायचा हक्क आपल्याला आहे. एक्स-रे कंपनीच्या कपाटात राहू देऊ नका, प्रत घरी आणा. सिलिकोसिस ईएसआयच्या व्यवसायजन्य रोगांच्या यादीत आहे. म्हणजे तो अपघातासारखाच धरला जातो, पण दहा वर्षांपूर्वीचा स्वच्छ एक्स-रे शेजारी ठेवला तर सांगणं सोपं जातं.


इचलकरंजीकर | १० डिसेंबर, रात्री १२:४०

आमच्याकडं यंत्रमागाला पिकावर (विणलेल्या धाग्यांच्या मोजणीवर) मजुरी. स्लिपच नसते, तर काढू काय. तरी वाचलं सगळं.


जुना मोल्डर | १० डिसेंबर, सकाळी ६:५०

स्लिप नसेल तर वही. रोज किती मीटर, कुणाचा कारखाना, किती मिळाले, तारीख. स्वतःच्या हातानं, एकाच वहीत, पानं न फाडता. मजुरी खात्यावर किंवा फोनवर येत असेल तर ते पुसू नका. बोनसचं भांडण पडलं की ही वही उपयोगी पडते. वर्षात ३० दिवस काम केलेल्याला तो लागू होतो, कमीत कमी ८.३३ टक्के. सविस्तर वेगळा धागा काढा, यंत्रमागातली माणसं इथं आहेत, ती माझ्यापेक्षा जास्त सांगतील.


कंत्राटी भाऊ | १३ डिसेंबर, रात्री ९:०५

काका, पासबुक बघितलं. स्लिपवर दर महिन्याला कापलंय, पन जुलै ते ऑक्टोबर चार महिने जमाच न्हाई. ठेकेदाराला फोन केला तर म्हणालाय 'सर्व्हर डाऊन'. चार महिने सर्व्हर डाऊन असतंय व्हय?


जुना मोल्डर | १३ डिसेंबर, ९:२०

नसतंय. चारही स्लिपा आणि पासबुकाची प्रिंट जोडून पीएफच्या ऑनलाइन तक्रार पोर्टलवर टाक, एक प्रत मूळ कंपनीच्या एचआरला दे. उशिरा भरलेल्या पैशावर ठेकेदाराला १२ टक्के व्याज आणि वर दंड बसतो. एकटा जाऊ नकोस, तुझ्याबरोबर अजून किती जणांचे बुडालेत ते बघ.


कंत्राटी भाऊ | १३ डिसेंबर, ९:२६

अकरा जण हाय.


उचगावची सून | १७ डिसेंबर, दुपारी ३:१५

अर्ज दिला. पहिल्या दिवशी वॉचमननं आत सोडलं नाही, पोस्टानं पाठवला. काल कंपनीतनं स्वतःहून फोन आला, ईएसआयचा अपघात रिपोर्ट भरला म्हणाले. मी प्रत मागितली, तर व्हॉट्सअपवर पाठवली. त्यात अपघाताची वेळ सकाळी ९:४० लिहिली आहे. पाळी ७ ला सुटते आणि दवाखान्याच्या कागदावर दाखल ७:५५ आहे.


जुना मोल्डर | १७ डिसेंबर, ३:२२

वहिनी, ती वेळ आजच दुरुस्त करून घ्या. ९:४० राहिली तर मधले अडीच तास कुठं होता हे विचारतील. दवाखान्याचा कागद जोडून दुसरा अर्ज करा, रजिस्टर पोस्टानंच. शाखा कार्यालयात मी येतो बरोबर. उद्या साडेदहाला चालेल का?


उचगावची सून | १७ डिसेंबर, ३:३०

चालेल. सासूबाई मुलांना बघतील.